उलंगवाडीनंतरचं गोल्फ

माझ्या बायकोचे थोरले भाऊ अकोल्यात वकील. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी कोर्टात जाणं सोडलं, ते समजण्यासारखं होतं. पण कोर्टाबरोबर त्यांनी जिना, अंगण, भाजीबाजार आणि कोपऱ्यावरचा पानठेलाही सोडला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालत जा. यांनी विचारलं, "कुटी?" डॉक्टर म्हणाले, कुठेही, बागेत जा. त्यावर यांचा युक्तिवाद असा: "कामाशिवाय चालनारा प्रानी म्हंजे ढोर. मी काय ढोर हावो? ज्या जागी मले काम नाही त्या जागी जाऊन परत येनं, यात पुरुषार्थ काय?"

चाळीस वर्षं समोरच्या पक्षाला निरुत्तर केलेला माणूस. डॉक्टर निरुत्तर झाले. वकीलसाहेब खुर्चीत बसून राहिले आणि तिथूनच फोनवर ज्येष्ठ नागरिक मंडळाचं चिटणीसपद चालवायला लागले. बायकोला काळजी वाटायची. दर दोन-चार दिवसांनी ती अमरावतीहून फोन करायची, "भाऊ, चालला का आज?" तिकडून उत्तर यायचं, "न्हानीपर्यंत."

आमचं नातं साळ्या-जावयाचं. वऱ्हाडात या नात्यात एकमेकांना सरळ उत्तर देणं हा अपमान समजतात. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा मी तयारीतच होतो.

"जवाईबुवा, येत्या रविवारी आमच्या मंडळात एक भाषन द्या."

"कशावर?"

"कशावरई द्या. मधुमेह सोडून. गुडघे सोडून. अन् अध्यात्म नको. मांगच्या महिन्यात अध्यात्मात तिघं झोपले, एकाले उठवाले त्याच्या सुनेले बोलवा लागलं."

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. माझ्याकडून शिवकाल, गेला बाजार इमादशाही तरी येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. पण मला निवृत्तीनंतर एक व्यसन जडलं आहे. दुपारी बायको झोपली की मी मोबाइलवर वाचत बसतो. सुरुवात गाविलगडाच्या किल्ल्यापासून होते. तिथून कुणा गोऱ्या सेनापतीवर जातो, त्याच्यावरून त्याच्या गावावर, आणि चहाची वेळ होते तेव्हा मी भलत्याच देशात भलत्याच माणसाच्या लग्नात उभा असतो. त्या दुपारी मी स्कॉटलंडमध्ये होतो.

"एकोणिसाव्या शतकातला एक स्कॉटिश हौशी गोल्फर," मी म्हणालो. "त्याची कारकीर्द."

मला वाटलं, आता पलीकडून शिवी येईल. पण ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरं." तिथेच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या मोबाइलवर मंडळाचं निमंत्रण आलं. त्यावर माझा फोटो होता, आमच्या लग्नातला, मुंडावळ्यांसकट. खाली ठळक अक्षरांत विषय: 'स्कॉटिश हौशी गोल्फर: एक चिंतन'. चिंतन त्यांनी पदरचं घातलं होतं.

"तुम्हाला गोल्फमधलं काय कळतं?" बायकोनं विचारलं.

"मला मोगलांमधलं तरी काय कळत होतं? जन्मभर शिकवलंच ना."

"मोगलांवर कोनी प्रश्न विचारत नव्हतं. हे अकोल्याचे म्हातारे हायेत."

तिचं खरं होतं. आठवडाभर मी त्या गोल्फरच्या मागे लागलो. जो मजेखातर तोंडातून निघून गेला होता, तो मला हळूहळू आवडायला लागला.

हा गृहस्थ समुद्रकाठच्या एका लहानशा गावातला, धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तिकडे गावाबाहेर वाळूची, खुरट्या गवताची पडीक जमीन असते. तिथे मेंढ्या चरतात, बायका कपडे वाळत घालतात आणि त्यातूनच लोक काठीनं चेंडू मारत मारत पुढे जातात. चेंडू शेवटी एका लहान भोकात घालायचा. कमीत कमी फटक्यांत घालील तो जिंकला. एवढाच खेळ. हा मुलगा काठी धरता येऊ लागल्यापासून तिथेच. मोठा झाल्यावर दिवसभर बापाच्या गोदामात बसायचा आणि संध्याकाळी मैदानावर. तो पैशासाठी खेळत नसे, म्हणून हौशी. पैशासाठी खेळणारे वेगळे. ते बिचारे चेंडू बनवायचे, काठ्या दुरुस्त करायचे, आणि त्यांना क्लबच्या इमारतीत पाऊल टाकायला बंदी होती.

याचा फटका जबरदस्त. गावात म्हणत, याचा चेंडू पडेपर्यंत चिलीम ओढून होते. पण एक व्यंग होतं. लांबून चेंडू भोकाच्या शेजारी आणून ठेवायचा आणि मग हातभर अंतरावरून चुकवायचा. हमखास. हौशी लोकांची मोठी स्पर्धा सुरू झाली तेव्हा याची चाळिशी जवळ आलेली. दोनदा अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा तेवढ्याच हातभर अंतरानं हरला. तिसऱ्यांदा मैदानात उतरला तेव्हा त्यानं जवळचा फटका दोन हातांऐवजी एका हातानं मारायला सुरुवात केली. लोक हसले. क्लबच्या वडीलधाऱ्यांना ते खेळाला लाज आणणारं वाटलं. आणि तो जिंकला. पुढच्या वर्षी एका मिसरूड न फुटलेल्या पोरानं त्याला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. त्यानंतर तो कधी मोठं काही जिंकला नाही. पण खेळत राहिला, शेवटी शेवटी काठीचा उपयोग चालायलाही करत.

रविवारी सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मंडळ भरलं होतं. वकीलसाहेबांना दोघांनी खुर्चीसकट वर आणलं होतं. ते पुढच्या रांगेत, चेहऱ्यावर सासरेबुवांच्या थाटाचं समाधान घेऊन बसले होते. मी उठून उभा राहिलो. फळ्यावर समुद्र काढला, मेंढ्या काढल्या, भोक काढलं.

धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा म्हटल्याबरोबर मूळचे धामणगाव रेल्वे गावचे एक जुने अडते खूश झाले. "म्हंजे आपल्यातलाच. कोनतं धान्य?"

"ओट, बार्ली."

"तूर नाही?"

"तूर तिकडे होत नाही."

"मंग खात काय होते?" त्यांना त्या अख्ख्या देशाचं वाईट वाटलं.

पैसे घेणारे आणि न घेणारे यांच्यातला भेद सांगितला तेव्हा सभा पेटली. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, कला अशी निरपेक्षच हवी. त्यांच्या मागून एक भारदस्त आवाज आला, "सर, बापाचं गोदाम असलं का निरपेक्ष राहता येते. ज्याले दारातून आत घेत नव्हते त्याचं सांगा. त्याचं नाव काहून नाही चिंतनात?"

बोलणारे गृहस्थ एसटीचे निवृत्त डेपो मॅनेजर होते. हिवरखेडजवळ त्यांची शेती. बोलणं कमी, पण बोलले की डेपोतल्या सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्यासारखं वाटे. मी कबूल केलं की त्या लोकांबद्दल मी नीट वाचलेलं नाही. ते म्हणाले, "वाचा मंग. पन हा बी चांगला आहे. हातभरावरून चुकते ते पटलं मले."

ते सगळ्यांनाच पटलं. हातभरावरून चुकणाऱ्या माणसाचं ऐकून त्या सभेत एक विचित्र आत्मीयता पसरली. प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलं असावं. मागच्या बाकावर बसलेली माझी बायको शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "घरोघरी हेच. अमेरिकेतल्या नातवाचा वाढदिवस पाठ, अन् समोरचा चश्मा दिसत नाही." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

भाषण संपल्यावर वकीलसाहेबांनी हात वर केला. मला वाटलं, आता आभार मानतील.

"जवाईबुवा, तुमी सोता कदी मारला का चेंडू?"

"नाही."

"मंग हे सगळं ऐकीव. ऐकीव पुरावा आमी धरत नाही." ते सभेकडे वळले. "हातभरावरून चुकते म्हंजे काय? मले तं हा मानूस बह्याड वाटते. हातभरावरून मी डोये मिटून घालीन."

"घालून दाखवा," मी म्हणालो.

"दाखवतो."

"कुठे? न्हाणीत?"

सभेत हशा झाला आणि वकीलसाहेब लालबुंद. तेवढ्यात डेपो मॅनेजर उठले. म्हणाले, "माया वावरात या. उलंगवाडी झाली, सगळा कापूस येचून झाला, पऱ्हाटी उपटून टाकली, रान मोकयं आहे. फक्त चौदा एप्रिल होऊ द्या, मी मिरवनुकीच्या कमेटीत हाय. त्याच्या पुढच्या रविवारी या."

आता माघार कोणालाच शक्य नव्हती.

मधल्या दिवसांत अकोल्यात काय चाललं होतं ते वहिनींकडून कळायचं. वकीलसाहेबांनी सुताराला घरी बोलावून बाभळीच्या, मुळाशी वाकड्या असलेल्या चार काठ्या तासून घेतल्या होत्या. सोफ्याखाली वाटी आडवी ठेवून ते दुपारभर रबरी चेंडू ढकलत बसायचे. खुर्चीतूनच. चेंडू वाटीत गेला नाही की वहिनींनी आणून द्यायचा. दोन दिवसांनी वहिनींनी आणून द्यायचं बंद केलं. "मंग?" बायकोनं विचारलं. "मंग काय, उठून आनतात," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी फोनवर बराच वेळ हसल्या.

ठरलेल्या रविवारी ऊन चढायच्या आत आम्ही अकोटवरून हिवरखेडच्या रस्त्याला लागलो. पांदणीच्या कच्च्या वाटेनं गाडी वावरापर्यंत गेली. डेपो मॅनेजरांनी तयारी चोख केली होती. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधून झेंडे रोवले होते आणि प्रत्येक झेंड्याखाली एक गाडगं जमिनीत गळ्यापर्यंत पुरलं होतं. शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या कडूनिंबाखाली सतरंजी, पाण्याचा माठ, आणि डब्यात कोथिंबिरीच्या सारणाची सांबारवडी. मंडळातले सहा-सात जण हौसेनं आले होते. वकीलसाहेबांसाठी खुर्ची आणली होती. ते म्हणाले, मी इथूनच मारीन आणि इथूनच पंच राहीन.

त्या वावरात एक गोष्ट होती जी स्कॉटलंडच्या कुठल्याही वर्णनात नव्हती. आमची काळी जमीन एप्रिलमध्ये फाटते. भेगा अशा पडतात की वासराचा पाय अडकावा. त्या लोकांना एका भोकात चेंडू घालायचा होता. आमच्या रानात भोकंच भोकं होती आणि त्यातलं नेमकं एकच खरं होतं.

पहिला फटका वकीलसाहेबांचा. खुर्चीतून उठले, काठी उचलली, आणि मारला. मी आयुष्यात तेवढा थक्क झालो नव्हतो. चेंडू सरळ, उंच, सूर्याच्या दिशेनं गेला आणि पहिल्या झेंड्याच्या अलीकडे पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चेंडूनं दोन टप्पे घेतले आणि नाहीसा झाला.

"कुटी गेला?"

"भेगेत गेला."

"आउट," मी म्हणालो.

"काहून आउट? जमीन फाटली त्यात आरोपीचा काय दोष?" वकीलसाहेब काठी टेकत निघाले. ते निघाले हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. तिनं माझा दंड धरून मला मागे ठेवलं.

भेगेभोवती आम्ही सगळे वाकून उभे. आत काळोख. एकानं तुऱ्हाटी घालून पाहिली, एकानं मोबाइलची बॅटरी लावली. धामणगावचे अडते म्हणाले, चेंडू बेसाल्टापर्यंत गेला असेल. तिथल्या तिथे वकीलसाहेबांनी कायदा केला: भेगेत पडलेला चेंडू ही भूमातेची मालमत्ता, खेळणाऱ्यानं वीतभर अंतरावर नवीन ठेवावा, फटका मोजू नये. मग माझा चेंडू भेगेत गेला तेव्हा त्यांनी त्याच कायद्याला पोटकलम जोडलं, की हा नियम जावयाला लागू नाही. डेपो मॅनेजर म्हणाले, "हे कलम रद्द. माया वावरात भेदभाव चालनार नाही." ते कलम रद्द झालं.

माझा खेळ सांगण्यासारखा नाही. मी चेंडूपेक्षा ढेकळं जास्त उडवली. एक ढेकूळ जाऊन सांबारवडीच्या डब्यावर बसलं. वकीलसाहेब मात्र लांबून असे मारत होते की मला त्या गोदामवाल्या माणसाची चिलीम आठवत होती. आणि गाडग्याजवळ आले की चुकायचे. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, एकदा गाडग्याच्या काठावर गोल फिरून चेंडू बाहेर.

शेवटच्या झेंड्याशी आलो तेव्हा ते माझ्यापेक्षा एका फटक्यानं पुढे होते. त्यांचा चेंडू गाडग्यापासून हातभर अंतरावर. सगळे जमा झाले.

"डोये मिटून घालीन म्हनले होते तुमी," अडत्यांनी आठवण करून दिली.

त्यांनी डोळे उघडे ठेवून मारला. चुकला. परत मारला. चुकला. मग माझ्याकडे न पाहता काठी एका हातात धरली, दुसरा हात पाठीशी नेला आणि मारला. चेंडू गाडग्याला वळसा घालून पुन्हा जिथे होता तिथेच आला.

"जमीन वाकडी हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात बायको पुढे आली. तिच्या एका हातात माठातल्या पाण्याचा तांब्या होता. दुसऱ्या हातानं तिनं भावाच्या हातातली काठी घेतली, पिठलं हाटल्यासारखी सहज फिरवली, आणि चेंडू गाडग्यात. टुबुक.

"हे चालनार नाही!" वकीलसाहेब ओरडले. "हिचं नाव खेयाडूत नाही!"

"नाही ना नाव?" ती म्हणाली. "पैसे नाही, नाव नाही, बक्षीस नाही. मंग खरी हौशी मीच. चाळीस वर्षं झाली, घरात हौशीच हावो मी." आणि तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला. "घे, पानी पी. लय चालला तू."

वकीलसाहेबांनी मागे वळून पाहिलं. खुर्ची निंबाखाली राहिली होती, हाताच्या पंजाएवढी दिसत होती. त्यांनी सगळा तांब्या रिकामा केला.

त्यानंतर जवळजवळ दर रविवारी ते वावरात जाऊ लागले. आम्ही जमेल तेव्हा जायचो. मंडळातल्या बायकाही यायला लागल्या आणि पुरुषांना लाजवतील एवढ्या कमी फटक्यांत गाडगी गाठू लागल्या. वकीलसाहेबांनी भेगांचे कायदे वाढवत वाढवत बावीस केले. मे संपत आला तसं डेपो मॅनेजरांनी सांगितलं की आता वखरणी, मग पेरणी, गाडगी काढून घ्यावी लागतील. त्या शेवटच्या रविवारी त्यांना ट्रॅक्टरच्या कामासाठी लगेच परतायचं होतं. त्यांनी आम्हाला तिघांना अकोटच्या स्टँडवर सोडलं आणि आम्ही एसटीनं अकोल्याला निघालो.

गाडीत गर्दी नव्हती. वकीलसाहेबांनी बाभळीच्या काठ्या मांडीवर आडव्या धरल्या होत्या. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थबकला. "बाबूजी, हे काय? भांडनाले चालले का?"

"गोल्फ," वकीलसाहेब म्हणाले.

"ते काय राहते?"

त्यांनी सुरुवात केली. गाडीचा आवाज मोठा, म्हणून त्यांचा आवाज त्याहून मोठा. स्कॉटलंडमध्ये एक गडी होता. बाप धान्याचा अडत्या, मोठी अडत, तुरीचा व्यापार. मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्या पायावर पाय ठेवला. तो गडी असा मारायचा की चेंडू एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सगळे म्हणाले, संपला. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बस.

"डॉक्टर नाही म्हणाले तसं," मी पुटपुटलो. बायकोनं पाय जरा दाबला.

तो बसला नाही, वकीलसाहेब पुढे सांगत होते. उठला. काठी घेतली. तिकडं जमिनीले अशा भेगा की म्हैस गडप व्हावी. त्यातून खेयला. जिंकला. आणि ज्या गरीब खेयाडूंना क्लबच्या आत घेत नव्हते, त्यांना हात धरून आत घेऊन गेला. तो म्हने, हे नाही तं मी बी नाही.

पुढच्या सीटवरच्या दोन बाया मागे वळून बसल्या होत्या. चोहोट्टा बाजारला एक माणूस उतरायचा होता, तो दारात उभा राहून ऐकत राहिला आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवल्यावर उतरला. तीस वर्षं मी सनावळ्या तपासत आलो आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर एका माणसाचं अख्खं चरित्र बदलत होतं. त्यात मला नेमकी कुठली गोष्ट दुरुस्त करावी हेही ठरवता येईना. आणि क्लबच्या दाराचा तो शेवटचा भाग खरा असता तर बरं झालं असतं, असंच मला वाटत होतं.

"मंग मेला कसा तो?" कंडक्टरनं विचारलं.

इथे वकीलसाहेब अडले. माझ्या भाषणात हे आलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले, बायको माझ्याकडे बघायला लागली, पुढच्या दोन बायाही.

"म्हातारा होऊन," मी म्हणालो. "दुपारी जेवून झोपला होता."

"बरं झालं," कंडक्टर म्हणाला आणि शिट्टी तोंडात धरली.